ज्ञानाचे देणे : विद्यापीठ आणि त्याच्या भोवतीची माणसे

प्रेषित मुहम्मद (स.) ज्या गोष्टींपासून अल्लाहजवळ आश्रय मागत असत, त्यांपैकी एक गोष्ट ऐकून प्रत्येक शिकलेल्या माणसाने थोडे थांबले पाहिजे. ज्या ज्ञानाचा लाभ होत नाही, त्या ज्ञानापासून ते आश्रय मागत. सहीह मुस्लिममध्ये हजरत जैद बिन अरकम (रजि.) यांच्याकडून आलेल्या या दुआमध्ये अशा ज्ञानाची गणना न झुकणाऱ्या हृदयाच्या, तृप्त न होणाऱ्या मनाच्या आणि न स्वीकारल्या जाणाऱ्या प्रार्थनेच्या शेजारी झाली आहे. अज्ञानापासून संरक्षण मागावे, हे सहज समजते. परंतु ज्ञानापासूनही संरक्षण मागावे लागते, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही.

मग प्रश्न असा की, ज्ञानाचा लाभ कोणाला झाला पाहिजे? केवळ ज्याने ते मिळविले त्याला होणे पुरेसे असते, तर ही दुआ शिकविण्याचे कारणच उरले नसते. पदवीने नोकरी मिळते, नोकरीने घर होते, चार लोकांत मान वाढतो. या हिशोबाने जवळजवळ सर्वच ज्ञान लाभदायक ठरेल. ज्याच्या लाभाची चिंता या दुआत आहे, तो लाभ ज्ञानी माणसाच्या उंबरठ्याबाहेर पडणारा आहे, हे उघड आहे.

वाचकहो, हा प्रश्न आपण बहुधा एकेका व्यक्तीला विचारतो. तो संस्थेलाही विचारला पाहिजे. ज्या संस्थेचे काम ज्ञान साठविणे, वाढविणे आणि वाटणे हेच आहे, त्या विद्यापीठावर भोवतालच्या समाजाचे काही देणे आहे काय? असल्यास ते उपकार आहे की हक्क? या लेखात आपण आपल्याच चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील उदाहरणे समोर ठेवून याचा विचार करू.

ज्याच्याकडून सर्वांनी घेतले, असा प्रदेश

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत असून, तिच्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३९ टक्क्यांच्या जवळ आहे. या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. नागपूर हे गडचिरोली शहरापासूनच दीडशे किलोमीटरहून दूर. मग सिरोंचा किंवा भामरागडच्या मुलाला गुणपत्रिकेतील एका चुकीसाठी किती वाट तुडवावी लागत असेल, याची कल्पना करावी. २७ सप्टेंबर २०११ रोजी शासनाने या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन केले.

विद्यापीठाचे नाव विचार करण्यासारखे आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी मध्य भारतातील खडकांच्या एका प्राचीन मालिकेला गोंडवाना हे नाव दिले. पुढे कोट्यवर्षांपूर्वी एकत्र असलेल्या दक्षिणेकडील भूखंडांच्या समूहालाही जगाने हेच नाव दिले. म्हणजे गोंडांच्या भूमीचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. त्याच खडकांतील कोळसा देशाच्या विजेसाठी गेला. येथील बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला. नाव गेले, कोळसा गेला, बांबू गेला; ज्या माणसांच्या पायाखाली आणि डोक्यावर हे सारे होते, त्यांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले. अशा प्रदेशात विद्यापीठ उभे राहते, तेव्हा त्याच्यापुढे पहिला नैतिक प्रश्न ‘आम्ही यांना काय देणार?’ हा नसतो. ‘येथून घेऊन जाणाऱ्यांच्या रांगेत आम्हीही एक होणार काय?’ हा असतो. कारण कोळसा आणि बांबू यांप्रमाणे ज्ञानही घेऊन जाता येते.

खजुराची झाडे आणि धानाच्या लोंब्या

ज्ञानही कसे घेतले जाते, याची एक गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातच घडली आहे.

नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी होते. शिक्षण तिसरीपर्यंतचे. १९८३ साली ‘पटेल ३’ या धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या इतरांहून वेगळ्या, पिवळसर दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या कापणीत मिसळून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. वर्षानुवर्षांच्या या निवडीतून बारीक दाण्याचा, चवीला चांगला आणि भरघोस उत्पादन देणारा तांदूळ तयार झाला. त्या काळी एचएमटीची मनगटी घड्याळे लोकप्रिय होती. तांदळालाही तेच नाव पडले. आज आपल्या घरी पाहुणे आले की, ज्या एचएमटी तांदळाचा भात किंवा पुलाव आपण आवडीने वाढतो, त्याचे मूळ त्या लोंब्यांत आहे.

१९९४ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे प्रयोगासाठी नेले. १९९८ साली विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. मूळ निवड करणाऱ्या शेतकऱ्याला श्रेय मिळाले नाही. विद्यापीठाची बाजू अशी की, मूळ बियाण्यात भेसळ होती, ती दूर करून शुद्ध वाण आम्ही केला. शुद्धीकरण हे काम आहेच; त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शुद्ध कशाला केले, ते कोणाच्या शेतातून आले, हे सांगण्याने त्या कामाचे मोल घटले नसते. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींची दखल घेतली. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला आणि २०१० साली ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. तरीही त्यांचे आयुष्य ओढगस्तीतच गेले. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

आता एक हदीस आठवावी. प्रेषित (स.) मदीनेत आले, तेव्हा तेथील लोक खजुराच्या झाडांचे हाताने परागीकरण करीत होते. त्यांनी त्याविषयी आपले मत व्यक्त केले आणि लोकांनी ते काम सोडून दिले. त्या वर्षी पीक कमी आले. हे कळल्यावर प्रेषितांनी (स.) लोकांना सांगितले की, तुमच्या दुनियेच्या या व्यवहारांचे ज्ञान तुम्हांला अधिक आहे. सहीह मुस्लिममधील या प्रसंगाचा अर्थ फार मोठा आहे. ज्यांच्यावर वह्य उतरत होती, त्यांनी बागेतील माणसाच्या अनुभवसिद्ध ज्ञानाला मोकळ्या मनाने मान दिला. मग पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाने धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या शेतकऱ्यापुढे, मोहफुलांचा हंगाम ओळखणाऱ्या स्त्रीपुढे, रानातील कंदांची पारख असणाऱ्या वृद्धापुढे कोणत्या ताठ्याने उभे राहावे?

दुसरी गोष्ट सनदेची. ज्ञानाचा उगम सांगणे हे आपल्या परंपरेत शिष्टाचाराच्या पलीकडचे, दीनचे काम मानले गेले. मुहद्दिसांनी प्रत्येक कथनामागे माणसांची साखळी उभी केली : मी अमुकाकडून ऐकले, त्यांनी तमुकाकडून. मधला एक दुवा लपविणाऱ्याच्या वर्तनाला त्यांनी ‘तदलीस’ हे नाव दिले आणि अशा कथनकर्त्याकडे सावधपणे पाहिले. त्या साखळीत प्रसिद्ध इमाम होते, तसे बाजारात कापड विकणारे होते, मुक्त झालेले गुलाम होते, स्त्रिया होत्या. माणूस सामान्य आहे म्हणून त्याचे नाव गाळावे, हा विचार तेथे नव्हता. या कसोटीवर पाहिले, तर पाच किलो बियाण्याच्या त्या कथेत सनद तुटली आहे. आणि ती तुटण्याने नुकसान केवळ एका शेतकऱ्याचे झाले, असे समजू नये. ज्या गावातून ज्ञान नेले जाते आणि नाव गाळले जाते, ते गाव पुढच्या संशोधकासमोर तोंड उघडत नाही.

प्रश्न कोणाचा, उत्तर कोणासाठी?

श्रेय देणे हा झाला पहिला भाग. दुसरा भाग याहून सूक्ष्म आहे. संशोधनाचा विषय कोण ठरवतो?

गडचिरोलीत १९८५ पासून डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था काम करते. ती विद्यापीठ नाही. परंतु संशोधन आणि भोवतालचा समाज यांचे नाते कसे असावे, याचा धडा विद्यापीठांनी तिच्याकडून घ्यावा असा आहे. सुरुवातीच्या काळात या डॉक्टर दांपत्याला भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळला. त्यांनी त्याचा अभ्यास केला. शास्त्राच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता. परंतु लोकांना त्यात फारसे स्वारस्य वाटले नाही. कारण तो त्यांनी विचारलेला प्रश्न नव्हता. स्वतः डॉ. बंग यांनी हा अनुभव जाहीरपणे अनेकदा सांगितला आहे. त्यानंतर त्यांनी लोकांना विचारून काम ठरविण्याची रीत अंगीकारली. रुग्णालय कसे असावे, हेही आदिवासींना विचारले. त्यामुळे शोधग्रामचे रुग्णालय मोठ्या पांढऱ्या इमारतीऐवजी गावातल्या झोपड्यांसारखे उभे राहिले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. हे लोकांच्या श्रद्धेने ठरले, डॉक्टरांच्या नव्हे.

याच संस्थेने पुढे ३९ गावांत नवजात बालकांच्या मृत्यूवर काम केले. तेथे रस्ता नव्हता, रुग्णालय दूर होते आणि पहिल्या महिन्यातच अनेक बाळे दगावत होती. प्रत्येक गावातील थोडेसे शिकलेली एकेक स्त्री निवडून तिला बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे शिकविण्यात आले. तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली.

वाचकहो, येथे जे घडले त्याकडे बारकाईने पाहावे. या संशोधनाचा लाभ प्रथम ज्या घरात बाळ होते त्या घराला झाला आणि नंतर नियतकालिकाला. सर्वसाधारणपणे क्रम उलटा असतो. गावात प्रश्नावली येते, उत्तरे जातात, प्रबंध होतो, पदोन्नती होते. आणि ज्या स्त्रीने चुलीवरचे भांडे उतरवून दोन तास उत्तरे दिली, तिला त्या प्रबंधात काय लिहिले हे कधीच कळत नाही.

क्रम बदलता येतो, हे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्याशा गोंड गावानेही दाखविले. या गावाने स्वतःचे अभ्यासगट चालविले, बाहेरच्या जाणकारांना आपल्या अटींवर बोलाविले, कायदा समजून घेतला आणि सर्वसहमतीने निर्णय घेतले. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविणारे ते देशातील पहिल्या गावांपैकी एक ठरले आणि २०११ साली स्वतःचा बांबू विकण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. असे गाव विद्यापीठाकडे याचक म्हणून जात नाही. प्रश्न घेऊन जाते. बांबूची गणना कशी करावी, जंगलाचा आराखडा कसा करावा, हिशेब कसे ठेवावेत? हक्क मिळालेल्या शेकडो ग्रामसभांना आज हेच प्रश्न आहेत. ज्या विद्यापीठाला हे प्रश्न आपले वाटत नाहीत, ते गडचिरोलीत असले काय आणि अन्यत्र असले काय, सारखेच.

या दिशेने प्रयत्न झाले आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. गोंडवाना विद्यापीठात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने उपजीविकेच्या तंत्रज्ञानासाठी संसाधन केंद्र उभे राहिले. शिक्षण सुटलेल्या ग्रामस्थांना गावातच पदवीचे वर्ग मिळावेत, म्हणून ‘विद्यापीठ आपल्या गावात’ हा उपक्रम सुरू झाला. जे विद्यापीठ विद्यार्थ्याच्या येण्याची वाट न पाहता त्याच्या गावात जाते, त्याने योग्य दिशेला पाऊल टाकले आहे. त्याचे मोजमाप मात्र उद्घाटनांच्या संख्येने व्हायचे नाही. दहा वर्षांनी त्या गावाला काय करता येऊ लागले, यावरून व्हायचे आहे.

आपल्या माणसांच्या भाषेत

सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की, प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्याच भाषेत पाठविला गेला, जेणेकरून त्याने त्यांना स्पष्ट करून सांगावे. अल्लाहला कोणतीही भाषा अवघड नाही. तरीही संदेश ऐकणाऱ्याच्या भाषेत आला. शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याच्या जवळ जायचे, हा यातील धडा आहे. प्रेषितांनी (स.) हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी व भाषा शिकून घेण्यास सांगितले होते. पुढे अल-बिरूनीने भारताविषयी लिहिण्यापूर्वी संस्कृत शिकण्याचे कष्ट घेतले.

गडचिरोलीत मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली या भाषा बोलल्या जातात. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथील ग्रामसभेने आपल्या मुलांसाठी २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. आपले मूल आपल्या भाषेत शिकावे, ही तळमळ त्या गावाची आहे. आपल्या घरांत मराठी, उर्दू आणि शाळेची इंग्रजी यांत मुलांची होणारी ओढाताण आपण रोज पाहतो. म्हणून ही तळमळ आपल्याला तरी परकी वाटू नये. भोवतालच्या माणसांची भाषा ज्या विद्यापीठाच्या वर्गखोलीत ऐकू येत नाही, त्याने त्या माणसांची सेवा करतो असे म्हणणे धाडसाचे आहे.

उपकार नव्हे, हक्क

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विद्यापीठाने समाजासाठी जे करायचे, ते उपकार आहे की देणे?

आपल्या शासकीय भाषेत याला ‘विस्तार कार्य’ म्हणतात. १९७७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तार हे विद्यापीठांचे तिसरे कार्य मानले. राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ पासून चालू आहे. परंतु तिसऱ्या क्रमांकाचे काम म्हणजे वेळ उरला तर करायचे काम, असा त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी झाला. सात दिवसांचे शिबिर, गावातील नाली साफ करणे, वृक्षारोपण, छायाचित्र, अहवाल. यामागची भावना वाईट नसते. परंतु तिच्यात एक गृहीत दडलेले असते : आमच्याजवळ आहे, तुमच्याजवळ नाही, आम्ही देतो, तुम्ही घ्या.

कुरआनची भाषा वेगळी आहे. सूरह मआरिजमध्ये ईमानधारकांचे वर्णन करताना सांगितले गेले की, त्यांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा एक निश्चित हक्क असतो. देणाऱ्याची दया येथे मुख्य नाही. घेणाऱ्याचा हक्क मुख्य आहे. ज्ञान ही संपत्तीच आहे, आणि तीही बहुतांशी दुसऱ्याच्या पैशातून जमलेली. सार्वजनिक विद्यापीठ करातून चालते. भामरागडच्या आठवडी बाजारात साबणाची वडी विकत घेणारी माडिया स्त्रीदेखील कर भरते. तिच्या पैशातून प्राध्यापकाचे वेतन होते, प्रयोगशाळा होते, ग्रंथालय होते. ती स्वतः त्या दारातून कदाचित कधीच आत जाणार नाही. तिचे जे आहे ते तिला परत करण्याला उपकार कसे म्हणता येईल?

उपकार आणि हक्क यांत फरक केवळ शब्दाचा नाही. उपकार करणारा थकला की थांबतो. देणेकऱ्याला थांबता येत नाही. उपकार घेणाऱ्याने आभार मानायचे असतात. हक्कदार हिशेब विचारू शकतो. उपकारात देणाराच ठरवितो की काय द्यायचे. हक्कात घेणाऱ्याची गरज विचारावी लागते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळण्याजोगा नाही. विद्यापीठाचे काम सत्याचा शोध हे आहे. त्याला लोकसेवेची संस्था केले तर शुद्ध ज्ञान मागे पडेल. गणितातील एखादा सिद्धान्त गडचिरोलीच्या कामाचा नाही म्हणून तो सोडून द्यायचा काय? नाही. आपल्याच इतिहासात ताऱ्यांचे वेध, बीजगणित आणि प्रकाशाचे शास्त्र तातडीच्या उपयोगाची वाट न पाहता वाढले. प्रत्येक प्राध्यापकाने गावात जावे, असा आग्रह नाही. परंतु इमाम गजाली (रह.) यांनी आपल्या काळातील विद्वानांना केलेली एक तक्रार येथे ध्यानात घ्यावी. बगदादच्या निजामिया मदरशात शिकविलेला हा माणूस ‘इह्या’मध्ये लिहितो की, वैद्यक आणि हिशेब यांसारखी शास्त्रे फर्जे किफाया आहेत, म्हणजे समाजातील काहींनी ती केली नाहीत तर सर्वच दोषी ठरतात. तरीही लोक फिक्हच्या वादविवादांत गर्दी करतात आणि वैद्यकाकडे पाठ फिरवितात. कारण मानमरातब आणि पदे पहिल्या वाटेवर मिळतात. त्यांचा रोख कोणत्या शास्त्रावर नव्हता, हेतूवर होता. आजचा प्रश्नही तोच आहे. गावाचा प्रश्न मागे पडतो, तो शुद्ध ज्ञानाच्या ओढीने क्वचित. बहुधा तो पदोन्नतीच्या गुणांत बसत नाही म्हणून.

आपल्या घरातील विद्यार्थी

हा हिशेब विद्यापीठाला विचारून आपण मोकळे होऊ शकत नाही. विद्यापीठ शेवटी आपल्या मुलांनी भरलेले असते.

हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) काही तरुण सोबत्यांसह प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि वीस रात्री राहिले. त्यांना घरची ओढ लागली आहे, हे प्रेषितांनी (स.) ओळखले. मागे कोणाकोणाला ठेवून आलात, याची चौकशी केली आणि सांगितले की, आता आपल्या लोकांत परत जा, त्यांच्यात राहा आणि त्यांना शिकवा. बुखारीत आलेला हा प्रसंग आणि सूरह तौबाची १२२ वी आयत यांचा आशय एकच आहे : प्रत्येक समूहातून काहींनी समज मिळविण्यासाठी बाहेर पडावे आणि परत येऊन आपल्या लोकांना सावध करावे. ज्ञानाच्या प्रवासाला येथे दोन टोके आहेत, जाणे आणि परतणे. आपण मुलांना पहिलेच टोक शिकविले आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, देसाईगंज किंवा अहेरी येथून मुलगा नागपूर-पुण्याला गेला की आपण सुटकेचा श्वास सोडतो. आणि शिकून तो गावी परतला, तर शेजारी दबक्या आवाजात विचारतात, ‘काय झाले?’

मग हुशार मुलाला गावाशी बांधून ठेवायचे काय? ज्या आईवडिलांनी दागिने मोडून मुलीला डॉक्टर केले, त्यांना तिच्या सुखाची आशा धरू नका म्हणायचे काय? असे म्हणणे निष्ठुरपणाचे होईल. कुटुंबाचे ऋणही ऋणच आहे. येथे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील एक दृष्टान्त वाट दाखवितो. प्रेषितांनी (स.) आपल्यासोबत आलेल्या ज्ञानाला पावसाची उपमा दिली. काही जमीन पाणी शोषून हिरवी होते. काही जमीन कठीण असते. तिच्यावर काही उगवत नाही, परंतु ती पाणी धरून ठेवते आणि लोक ते पितात, जनावरांना पाजतात, शेतीला देतात. तिसरी जमीन सपाट आणि कोरडी; ती पाणी धरतही नाही आणि काही उगवतही नाही. आपल्या भागातील माजी मालगुजारी तलाव पाहणाऱ्याला दुसऱ्या जमिनीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तलावात धान पिकत नाही. परंतु खालच्या बांध्या त्याच्या भरवशावर पिकतात.

ज्याला परत येता येईल त्याने यावे. त्याचे स्थान पहिले. ज्याला येता येत नाही, त्याने तलाव व्हावे. दूर राहणारा अभियंता आपल्या गावच्या चार मुलांना वर्षभर गणित शिकवू शकतो. डॉक्टर मुलगी वर्षातून काही दिवस दुर्गम भागातील आरोग्य केंद्राला देऊ शकते. वकील ग्रामसभेचा कागद वाचून देऊ शकतो. आणि आपल्या वस्तीतील चार मुलांपुरतेच हे देणे मर्यादित नाही. या जंगलाच्या प्रदेशात आपण संख्येने थोडे आहोत. व्यापार, कारागिरी, वाहतूक यांतून पिढ्यान्‌पिढ्या आपले पोट येथील गोंड, माडिया, ढीवर, कुणबी, बौद्ध शेजाऱ्यांच्या सोबतीने भरले आहे. त्या शेजाऱ्यांचाही आपल्या ज्ञानात हक्क आहे.

जे आज शिकत आहेत, त्यांना काही गोष्टी लगेच करता येतील. प्रकल्पासाठी गावात गेलात, तर विषय निवडण्यापूर्वी गावाला विचारा की, त्यांना काय जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी माहिती दिली, त्यांची अनुमती असल्यास त्यांची नावे लिहा. सनद तोडू नका. काम पूर्ण झाले की त्याचा सारांश सोप्या मराठीत, शक्य तेथे गोंडीत, ग्रामसभेत जाऊन वाचून दाखवा. आणि पालकांनो, महाविद्यालयाच्या सभेत निकालाची टक्केवारी विचारता, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा : या वर्षी या महाविद्यालयामुळे आसपासच्या कोणत्या गावाचे कोणते काम झाले?

तिर्मिजीत एक हदीस आहे की, कयामतच्या दिवशी माणसाचे पाऊल जागचे हलणार नाही, जोपर्यंत त्याला काही गोष्टी विचारल्या जात नाहीत. आयुष्य कशात घालविले, संपत्ती कोठून मिळविली आणि कोठे खर्च केली, शरीर कशात झिजविले. आणि त्यांतच एक प्रश्न असा की, जे ज्ञान मिळाले त्याचे काय केले. किती मिळविले, असे तेथे विचारले जाणार नाही. गावाकडून घेतलेली बियाण्याची पिशवी गावाला परतली की नाही, हा त्या प्रश्नाचाच एक भाग आहे.

अल्लाह आपल्याला लाभदायक ज्ञान देवो आणि त्याचे देणे फेडण्याची शक्तीही देवो. आमीन.